एकच टक्का, तीन घरं

नोव्हेंबर २०१६ मध्ये हदगावच्या मोंढ्यात दोनच विषय होते: बँकेपुढची रांग आणि अर्थक्रांती. अनिल बोकील आणि त्यांचं अर्थक्रांती प्रतिष्ठान आपली मांडणी कित्येक वर्षं मराठवाड्यातून करत होते. नोटबंदी झाली आणि ही मांडणी देशभर पोचली. आयात शुल्क सोडून बाकीचे सगळे कर रद्द करा आणि बँक खात्यात जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेतून सुमारे २ टक्के कापून घ्या, हा तिचा गाभा. रोखीला कर नाही, पण मोठ्या नोटाही नाहीत. आडतीच्या गादीवर बसलेला प्रत्येक जण मला एकच गोष्ट सांगत होता, ‘साहेब, सगळ्यांना एकच टक्का. न्याय म्हणजे हाच.’

हदगाव, तामसा, हिमायतनगर या पट्ट्यातल्या दुकानदारांची, शिक्षकांची, जिनिंगवाल्यांची विवरणपत्रं भरणं हा माझा व्यवसाय आहे. लोक करांना का वैतागलेत हे मला रोज दिसतं. कायदा कळत नाही, नोटीस आली की झोप उडते, आणि प्रामाणिक माणूसच सापडतो. त्यामुळे एका दराची ओढ मला समजते. पण दर एक असला म्हणून भार एक होत नाही. तो प्रत्येक घरात जाऊन मोजावा लागतो.

हिशेबासाठी तीन घरं धरू. पहिलं सालगड्याचं, गुढीपाडव्याला साल ठरतं ते १ लाख २० हजारांचं. दुसरं शिक्षकाचं, करपात्र उत्पन्न १२ लाख. तिसरं नांदेडला चांगला जम बसलेल्या एखाद्या डॉक्टरचं, खर्च वजा जाता ६० लाख.

आधी आयकर पाहू. २०२५-२६ च्या नव्या रचनेत ४ लाखांपर्यंत कर नाही, पुढे ५ टक्क्यांपासून टप्पे चढत जातात आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के लागतात. शिवाय १२ लाखांपर्यंत सूट असल्याने शिक्षकाचा कर शून्य होतो. सालगड्याचा तर शून्यच. डॉक्टरचा कर, अधिभार आणि उपकर धरून, पावणेसोळा लाखांच्या थोडा वर जातो. आता टप्पे, सूट सगळं पुसून सरसकट १० टक्के लावा. डॉक्टरला ६ लाख पडतील, म्हणजे पावणेदहा लाखांहून जास्त वाचले. शिक्षकाच्या माथी १ लाख २० हजार आले. आणि सालगड्याचे १२ हजार गेले, त्याच्या महिन्याच्या अख्ख्या कमाईहूनही जास्त. त्या महिन्यात ते घर खाणार काय?

एका दराचे जाणते पुरस्कर्ते यावर म्हणतात, गरिबाला वगळा. अमेरिकेत रॉबर्ट हॉल आणि अल्विन राबुश्का यांनी १९८० च्या दशकात हीच मांडणी केली होती: एका मर्यादेपर्यंत काही नाही, त्यावर सगळ्यांना एक दर. आपण ४ लाख वगळून २० टक्के लावू. सालगडी सुटला. डॉक्टरला ११ लाख २० हजार, म्हणजे तरी साडेचार लाखांवर बचत. शिक्षकाला मात्र १ लाख ६० हजार. सूट वाढवली की गरीब सुटतो, दर उतरला की श्रीमंत सुटतो, आणि तिजोरीतली तूट मधल्याकडून भरून घ्यावी लागते. दर आणि मर्यादा बदलून मी हे गणित पुष्कळदा मांडलंय. आकडे बदलतात, मधल्या घरावरचं ओझं तेवढं उतरत नाही. म्हणून टप्प्यांची रचना क्लिष्ट असूनही मी तिच्याच बाजूने उभा राहतो.

परदेशातला अनुभव थोडक्यात. एस्टोनियाने १९९४ साली २६ टक्क्यांचा एकच दर आणला, तोही ठरावीक उत्पन्न वगळूनच. रशियाने २००१ साली १३ टक्के केला आणि वसुली वाढली. पण ती दर एक केल्यामुळेच वाढली, असा पुरावा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांना सापडला नाही. स्लोव्हाकियाने आपला १९ टक्क्यांचा एकच दर २०१३ मध्ये सोडला, रशियाने २०२१ पासून मोठ्या उत्पन्नाला चढा दर लावला.

आता मोंढ्याकडे वळतो, कारण अर्थक्रांतीचा कर उत्पन्नावर नाही, जमेवर आहे. हा फरक गादीवरच्या गप्पांत हरवून जातो. आमच्याकडचा खरेदीदार सोयाबीन ४,५०० ने घेतो असं धरा. तेलाच्या कारखान्याला देतो ४,५९० ने. क्विंटलमागे नव्वद रुपये सुटले, त्यात हमाली, बारदाना, गाडीभाडं. खात्यावर ४,५९० जमा झाले की २ टक्क्यांनी कापले जाणार ९१ रुपये ८० पैसे, म्हणजे सुटलेल्या पैशाहून जास्त. तो काय करेल? भाव पाडेल, ४,४१० ने घेईल. माल घेऊन काट्यापुढे ताटकळलेल्या शेतकऱ्याकडे तो परत नेण्याचं बळ नसतं, त्यामुळे हे नव्वद रुपये त्याच्याच पदरी पडतील. वर त्याच्या पट्टीच्या रकमेतूनही २ टक्के जाणार, ते अठ्ठ्याऐंशी.

पाच एकरांत चाळीस क्विंटल पिकलं, खर्च सव्वा लाख झाला, तर आजच्या हिशेबाने त्याच्या हाती ५५ हजार उरतात. या दोन कात्र्यांनी त्यातले ७ हजारांवर जातात, म्हणजे दर शंभरातले तेरा. तिकडे डॉक्टरची जमा ६० लाखच धरली, तर त्याला पडतात १ लाख २० हजार, शंभरातले दोन. खतावरचा ५ टक्के आणि रासायनिक औषधांवरचा १८ टक्के जीएसटी जाईल, डिझेल उतरेल, हे मला मान्य आहे आणि ते लहान नाही. शेतकऱ्याला त्या जीएसटीचा परतावा आज मिळत नाही, हा अन्याय तर मी स्वतः दर हंगामात पाहतो. शिक्षकाचंही कदाचित जमून जाईल: पगारातून २४ हजार गेले, पण किराणा, कपडे, गाडी यांवरचा कर वाचला.

पण वाईट साल आलं की काय होतं? २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टीने शेतं खरवडून नेली. ज्याचे चाळीसचे दहा क्विंटल झाले, तो ८० हजारांनी तोट्यात गेला. आयकर नफा विचारतो. नफा नसेल तर तो दारात येत नाही. जमेवरचा कर त्या दहा क्विंटलांच्या पैशातूनही आपले २ टक्के घेऊनच जाणार. कोरडवाहू मुलखात राहणारा माणूस म्हणून मला हे पटणं शक्य नाही.

दुसरी अडचण साखळीची. कापूस शेतकऱ्याकडून व्यापाऱ्याकडे, तिथून जिनिंगला, मग सूतगिरणी, माग, रंगाई, घाऊक, किरकोळ. प्रत्येक हातावर २ टक्के, आणि मागच्या हाताच्या करावरही कर. ज्या कंपनीची सूतगिरणीपासून शोरूमपर्यंत सगळी साखळी स्वतःची, तिचे मधले व्यवहारच होत नाहीत, म्हणून करही नाही. आमच्याकडच्या एकट्या जिनिंगवाल्याला ही सोय नाही. आणि रोखीत मजुरी घेणारा सालगडी कागदावर करमुक्त असला, तरी गुढीपाडव्याला घेतलेल्या धोतरजोडीत या साऱ्या हातांचा कर भरून मोकळा होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आणताना मागच्या टप्प्यावर भरलेला कर वळता करण्याची तरतूद केली, ती हेच थांबवण्यासाठी. ब्राझीलने बँक व्यवहारांवर असा कर लावून पाहिला, दर ०.३८ टक्क्यांवर गेला आणि २००७ च्या अखेरीस तो संपला. भारतातही २००५ ते २००९ या काळात बँकेतून मोठी रोकड काढण्यावर ०.१ टक्का कर होता. तोही गेला.

महाराष्ट्रात मात्र एक सपाट कर पन्नास वर्षं चालू आहे आणि त्याची चर्चा कुणीच करत नाही. तो म्हणजे व्यवसाय कर. १९७५ चा कायदा. महिना १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० कापले जातात. दुकानात महिना १०,००१ वर राबणाऱ्या पोराच्या कमाईचे हे २ टक्के झाले. शिक्षकाच्या १२ लाखांत ते ०.२ टक्के होतात, डॉक्टरच्या ६० लाखांत ०.०४. १ एप्रिल २०२३ पासून स्त्रियांना महिना २५ हजारांपर्यंत माफी मिळाली, हे चांगलं झालं. पुरुषाची मर्यादा जागची हलली नाही.

तरीही या कराबद्दल माझ्या मनात आदर आहे, त्याच्या जन्मामुळे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडून दिवस काढले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर चालवायला पैसा हवा होता, आणि तो ज्यांना नियमित पगार आहे त्यांच्याकडून घ्यायचं ठरलं. व्यवसाय कराचा पैसा हमीच्या निधीत जाई आणि सरकार आपला वाटा त्यात घाली. १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम मिळण्याचा हक्क झाला. सपाट कराचा भार गरिबाला टोचतो, पण तो पैसा गरिबाच्याच हाती परतला तर हिशेब बदलतो. म्हणून कर कसा घेतला यासोबत तो कुठे गेला, हे मी नेहमी विचारतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये या कराची कमाल मर्यादा १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २,५०० झाली, ती आजही तेवढीच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२ हजार करण्याची शिफारस केली होती. ती मान्य करावी, पण सगळ्यांना एकदम १२ हजार लावू नयेत. पुरुषांनाही महिना २५ हजारांपर्यंत माफी द्यावी, शिक्षकाच्या घराला आहेत तेच २,५०० ठेवावेत, आणि वर्षाला ५० लाखांच्या पुढे कमावणाऱ्याकडून पुरे १२ हजार घ्यावेत. डॉक्टरच्या ६० लाखांत ते ०.२ टक्केच होतात. मर्यादा वाढवणं संसदेच्या हाती आहे, माफी देणं मात्र मुंबईतल्या विधिमंडळाच्या. ते पुढच्याच अर्थसंकल्पात करता येईल.