चिकलठाण्याची थंडी आणि डोळ्यांतले पाणी

हिवाळा लागला की छत्रपती संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत चिकलठाणा हे नाव रोज एका लहानशा चौकटीत येऊ लागते. शहराच्या किमान तापमानाची नोंद चिकलठाण्याच्या वेधशाळेत होते. त्यामुळे गुलमंडीवरचा कापडवाला असो की सिडकोतले निवृत्त गुरुजी, "आज पारा किती उतरला?" असे जेव्हा ते विचारतात, तेव्हा खरे तर ते चिकलठाण्याच्या पाऱ्याचीच चौकशी करीत असतात. एरवी हे गाव कोणाच्या बोलण्यात विमानतळामुळे येते, कोणाच्या औद्योगिक वसाहतीमुळे. डिसेंबर-जानेवारीत मात्र ते थंडीचे गाव होते.

जालना रस्त्याने पूर्वेकडे निघाले, मुकुंदवाडी मागे पडली, विमानतळाची भिंत सरली, की हवेत फरक जाणवतो. शहरातली गर्दी, भिंती, गाड्यांची ऊब संपते आणि मोकळ्या माळावरचे वारे समोरून येते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. भोवती डोंगराचा आडोसा जवळ नाही. सुखना नदीच्या काठाने पहाटे धुक्याचा पातळ पट्टा दिसतो, तो सूर्य वर आला की विरतो. गावाचे नाव कानाला चिखलासारखे ओले लागते. हिवाळ्यात मात्र इथे ओल कमी आणि फुफाटा फार.

थंडीत माणूस कानाला मफलर गुंडाळतो, ओठांना तूप लावतो, टाचांना मलम चोळतो. डोळे मात्र उघडेच राहतात. शरीराचा हा एकच ओला अवयव सतत वाऱ्याला सामोरा असतो आणि त्याच्या संरक्षणाला असतो तो केवळ अश्रूंचा पडदा. हा पडदा म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळाला चिकटून श्लेष्म्याचा थर, त्यावर पाण्याचा थर, आणि सर्वांत वर तेलाची अतिशय पातळ साय. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येते. १६६६ मध्ये हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने त्यांचे वर्णन केले, म्हणून आजही त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. घरात खोबरेल थिजते ते आपण पाहतोच. या ग्रंथींतले तेलही थंडीत घट्ट होते, नीट पसरत नाही, आणि खालचे पाणी उडून जाऊ लागते.

म्हणूनच एक विचित्र गोष्ट घडते. पहाटे दुचाकीवरून कारखान्याकडे निघालेल्या माणसाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहते आणि डॉक्टर सांगतात, "तुमचे डोळे कोरडे पडले आहेत." ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. पण ती थट्टा नाही. बुबुळावरच्या मज्जातंतूंना गारवा आणि कोरडेपणा जाणवला की ते अश्रुग्रंथीला हाक देतात, आणि ती घाईघाईने पाणी सोडते. ते पाणी गालावरून ओघळून जाते. त्यात तेलाचा हिशेब जमलेला नसल्यामुळे ते डोळ्यावर टिकत नाही. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर आवक भरपूर, शिल्लक शून्य.

सकाळची थंडी आपल्याला जाणवते, म्हणून आपण तिलाच दोष देतो. चिकलठाण्याच्या हिवाळ्यात डोळ्यांचा खरा शत्रू दुपार आहे, असे माझे मत आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. जानेवारीत पहाटे तापमान ११ अंशांच्या आसपास असते, थंडीची लाट आली तर १० च्या खाली. दुपारी तेच २८ अंशांपर्यंत चढते. पहाटे ११ अंशांना ओलाव्याने काठोकाठ भरलेली हवा धरली, तरी ती २८ अंशांपर्यंत तापली की तिची ओलावा धरून ठेवण्याची शक्ती जवळजवळ तिपटीने वाढते. म्हणजे दुपारी तीच हवा दोन-तृतीयांश रिकामी, आणि मिळेल तिथून पाणी ओढून घेणारी. वाळत घातलेली पापडं, कुरडया, दोरीवरचे कपडे आणि उघडे डोळे या हवेला सारखेच. दुपारी तीन-चारच्या सुमारास गादीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, अक्षरे पुसट दिसतात, दोन-चारदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट होतात. नंबर वाढला असे समजून पुष्कळ जण चष्म्याच्या दुकानात जातात.

त्यात आता चोपड्यांची जागा संगणकाने घेतली आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. जीएसटीचे विवरण भरण्याचा शेवटचा दिवस आणि जानेवारीची कोरडी दुपार एकत्र आली की डोळ्यांची परीक्षाच असते. डॉक्टर सांगतात की दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. दुकानदाराला त्यासाठी घड्याळ नको. गादीवरून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी सावकाश वाचावी, पापण्या पूर्ण मिटाव्यात, मग पुन्हा आकड्यांकडे वळावे. डोक्यावरचा पंखा किंवा मोटारीतला गरम हवेचा झोत तोंडावर येऊ देऊ नये. मोटारीत तो पायांकडे वळवता येतो.

घरगुती उपाय म्हणावा तर एकच, आणि तो आजीलाही पटेल असा. स्वच्छ सुती रुमाल सोसवेल अशा कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावा. गार झाला की पुन्हा भिजवावा. ग्रंथींतले घट्ट झालेले तेल त्याने सैल होते. नंतर पापण्यांच्या कडा हलक्या हाताने पुसून घ्याव्यात. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिनाभरातच वापरायच्या असतात. मागच्या हिवाळ्यातली उरलेली बाटली 'वाया कशाला घालवायची' म्हणून वापरणे ही काटकसर नव्हे. गुलाबपाणी, दूध, तूप डोळ्यांत घालू नये. मधाचा प्रश्न आपल्या घरांत बहुधा येत नाही, ते एका परीने बरेच झाले. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालण्याची हौस मात्र अजून काही घरांत आहे. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे असते, आणि ते बाळाच्या शरीराला बाधते.

पुन्हा रस्त्यावर येऊ. जालना रस्ता जवळजवळ पूर्व-पश्चिम जातो आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून, फार वर न चढता येतो. सकाळी शहरातून चिकलठाण्याकडे निघालेल्या कामगाराच्या तोंडावर सूर्य असतो. संध्याकाळी तो परततो तेव्हाही सूर्य तोंडावरच असतो. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे आणि धूळ असेल, तर प्रकाश त्यावर फुटतो आणि समोरचा ट्रक क्षणभर दिसेनासा होतो. केंब्रिज चौकापाशी कापसाच्या, लोखंडाच्या, ऊसाच्या गाड्या वळत असतात. तिथे क्षणभर न दिसणे परवडणारे नाही. काच रोज ओल्या फडक्याने पुसणे आणि ओरखडे पडलेली काच बदलणे यांचा खर्च फार नाही. आपल्या दुकानातल्या किंवा गोदामातल्या पोरांना दिवाळीत काही द्यायचेच असेल, तर नवी काच असलेले हेल्मेट द्यावे, असे मी सुचवीन.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आडगल्ल्यांमधून फिरले की छोट्या कार्यशाळांत वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या दिसतात. काळ्या काचेविना ती ज्योत पाहणाऱ्याला त्या वेळी काही होत नाही. सहा-बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत तिखट भरल्यासारखी आग होते, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो. आता गंमत अशी, की हाच विकार सहलीला मनालीला किंवा गुलमर्गला गेलेल्या आपल्या सुखवस्तू कुटुंबांनाही होतो. ताजे बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते. वरून सूर्य आणि खालून बर्फ. थंडी वाजते म्हणून ऊन सौम्य आहे असे वाटते, आणि रात्री हॉटेलात सगळे कुटुंब डोळे चोळीत बसते. बहुधा एक-दोन दिवसांत डोळा सावरतो, पण चोळू नये आणि सुन्न करणारे थेंब स्वतःहून घालू नयेत. त्यांनी वेदना जाते आणि जखम भरणे लांबते. बर्फाकडे जाताना अतिनील किरण अडवणारा, बाजूंनीही झाकणारा चष्मा मुलांसकट सर्वांना हवा. विमानाने जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की केबिनमधली हवा चिकलठाण्याच्या दुपारीहूनही कोरडी असते. लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावलेला बरा.

सम्मेदशिखरजीला डिसेंबरात जाणारेही पुष्कळ आहेत. मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता चढायला सुरुवात होते, सत्तावीस किलोमीटरांची वाटचाल, वर वारे. तिथे बर्फ नाही, पण साधा पारदर्शक चष्माही वाऱ्याला अडवतो. कचनेरच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांनाही तो धुळीपासून उपयोगी पडेल.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. जानेवारीत मराठवाड्यात तूर निघते. मळणीची भूस, शेंगांचे टरफल, मोंढ्यात पोती ओतताना उडणारा गर्दा, ऊसतोडीत लागणारे पाते: यांतले काही डोळ्याला लागले की बुबुळावर बारीक ओरखडा पडतो. वनस्पतीच्या अशा कणाबरोबर बुरशी आत शिरू शकते. डोळा लाल होतो. हमाल औषधाच्या दुकानात येतो आणि म्हणतो, "शेठ, डोळा लाल झालाय, काही थेंब द्या." शेठ दयाळू असतो, गिऱ्हाईक गरीब असते, डॉक्टरची फी वाचवावी असे दोघांनाही वाटते. कपाटातून स्टिरॉइड असलेली बाटली निघते. दोन दिवसांत लाली उतरते, आणि आत बुरशी निर्धास्त वाढू लागते. कारण शरीराचा प्रतिकारच त्या थेंबांनी दाबलेला असतो. आठवड्याने बुबुळावर पांढरा डाग दिसतो, आणि तेव्हा पुष्कळदा दृष्टी परत येत नाही. असेच थेंब महिनोन्‌महिने घालत राहिल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूही होतो.

औषधांची दुकाने आणि एजन्सी आपल्या समाजात कितीतरी आहेत. चिठ्ठीशिवाय हे थेंब विकायचे नाहीत, हा कायदा आहेच. पण कायद्याच्या आधी इतके तरी करता येते: लाल डोळ्याने आलेल्याला विचारावे, "काका, शेतात किंवा मोंढ्यात काही लागले होते का?" उत्तर हो असेल, किंवा डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, नजर मंद झाली असेल, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे. चिकलठाण्यातच जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात. शहरात घाटी आहे. जालन्याकडच्यांना श्री गणपती नेत्रालय ठाऊक आहे. बाटलीची विक्री एक बुडेल. त्याच दुकानात सर्दीची औषधे मागणाऱ्या वृद्धांबाबतही थोडी सावधगिरी हवी. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी, ज्यांच्या डोळ्याचा कोन अरुंद असतो, त्यांना काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. डोळा आणि कपाळ भयंकर दुखते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलटी होते. घरातले ती पित्ताची उलटी समजतात आणि मोलाचे तास जातात.

राहिला मोतीबिंदू. 'मोतीबिंदूचे ऑपरेशन थंडीतच करावे' हे वाक्य आपल्या घरांत इतके रुळले आहे की त्याचे कारण कोणी विचारीत नाही. कारण होते, आणि ते त्या काळी खरे होते. मोठी जखम, अनेक दिवस पट्टी, डोके न हलवता पडून राहणे. उन्हाळ्यात घाम आणि माश्या, पावसाळ्यात चिखल आणि पेरणी. म्हणून शिबिरे दिवाळीनंतर भरत आणि दानशूर व्यापारी त्यांचा खर्च उचलीत. पण १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले, १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू विरघळवून काढण्याची रीत आणली, आणि आज जखम दोन-तीन मिलिमीटरची असते. रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. ऋतूचा संबंध उरलेला नाही. शिबिरे थंडीत भरोत, त्यात वाईट काही नाही. पण होळीला ज्या बांना नीट दिसेनासे झाले, त्यांना दिवाळीपर्यंत थांबवायचे, आणि मधल्या पावसाळ्यात त्या उंबऱ्यावर अडखळून पडून खुब्याचे हाड मोडायचे, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. मधुमेह असेल तर थांबणे आणखी महाग, कारण पिकलेल्या मोतीबिंदूच्या मागे पडद्यावर काय चालले आहे ते डॉक्टरांना दिसतच नाही.

तपासणीला जाताना जुना चष्मा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि साखरेचा अलीकडचा अहवाल बरोबर न्यावा. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की पुढचे चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही, म्हणून घरातले कोणी सोबत असावे आणि परतताना गाडी त्यानेच चालवावी. संध्याकाळी चिकलठाण्याहून शहराकडे येत असाल तर विशेषच, कारण त्या वेळी सूर्य समोरच्या काचेवर असतो.