मुखवट्याआडची इब्तिहाज

आठवीत आल्या की आमच्या कितीतरी मुली खेळ सोडतात. आम्ही शिक्षक घरी जाऊन भेटतो, तर अब्बांचा सवाल ठरलेला: "कपड्यांचं काय?"

आता आम्ही इब्तिहाज मुहम्मदचं सांगतो. ही अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. तलवारबाजी करणारी शाळेतली मुलं तिच्या अम्मीला खिडकीतून दिसली, नखशिखांत झाकलेली. 13व्या वर्षी इब्तिहाजनं तलवार हाती घेतली. 2014मध्ये रशियातल्या कझानला जागतिक स्पर्धेत सांघिक सुवर्ण, 2016च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हिजाबसह सांघिक कांस्य. एकेरीत मात्र दुसऱ्याच लढतीत 12-15 अशी हरली. तेही आम्ही सांगतो. तिचा प्रकार सेबर. त्यात कमरेवरचं अंग, डोकंसुद्धा, लक्ष्य असतं. जाकिटात धातूचे धागे, वार लागला की दिवा पेटतो. मुखवट्याखाली कुणाचे केस झाकलेत, याच्याशी दिव्याला काय देणंघेणं!

परवा एका अब्बांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "हे आपल्याकडे शिकवतात कुठे?"

आमच्या गावात कुठेच नाही. खो-खो आहे, आणि ढगळ सलवारीला आमची ना नाही. मुलगी दाराआड उभी होती.

"बघतो," म्हणाले.

संघाची यादी शनिवारी द्यायची आहे.