नवी तुकडी

शाळेत असताना तुकड्या पाडण्याचं काम माझ्याकडे असे. अमेरिकेतल्या हौशी मोटारबोट-शर्यतींतही तुकड्या असतात, त्या इंजिनांवरून. १९०३ सालापासूनची अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन त्यांचे नियम ठरवते. जुन्या इंजिनांचे सुटे भाग मिळेनासे झाले, की नव्या इंजिनासाठी नवा वर्ग मागितला जातो. जपानी शर्यतींसाठी बनलेल्या यामातो इंजिनांनाही इथे वर्ग मिळाला. पण वर्ग वाढले, की एकेकात दोन-तीनच बोटी उरतात. मग शर्यत कसली? तरी ९ वर्षांपासूनच्या मुलांचा, इंजिनाची हवा आवळून वेग आवरलेला वर्ग हवाच. आमच्या लेकीला त्यातच उतरायचंय. पट कमी म्हणून बालवर्ग बंद केला, तर वरच्या तुकड्या भरणार कुठून?