राणीछाप रुपयाएवढी गोळी

हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार, बिर्याणी आणि मोत्यांची दुकानं एवढं करून परत येतो. मुसी नदीच्या अलीकडचा अफझलगंज त्याला दिसतो तो गाडीच्या काचेतून. यंदाच्या भारतवारीत मी तिथे मुद्दाम उतरलो. काचीगुड्याचे माझे काका बरोबर होते आणि डोक्यात एक प्रश्न होता: ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला जायचं, तर रायफल कोणत्या कॅलिबरची आणि गोळी कोणती?

ऑफिसातले दोन सहकारी दरवर्षी जातात. यंदा मीही जाणार आहे. शिकारीचा परवाना मिळण्यासाठी लागणारा अभ्यासक्रम पूर्ण झालाय. घरात मात्र दोन पक्ष आहेत. आईचं म्हणणं, "दुकानात मटण मिळतं ना रे?" बायकोचं म्हणणं, "जायचं तर जा, पण जनावराला तडफडवू नकोस." हे दुसरं वाक्य माझ्या मनातून जात नव्हतं.

आता अफझलगंज. गंज म्हणजे धान्याची पेठ. लातूरची गंजगोलाई आठवा, तोच हा शब्द. पाचवे निजाम अफझलउद्दौला (१८५७ ते १८६९) यांनी ही जागा धान्याच्या व्यापाऱ्यांना दिली आणि पेठेला त्यांचं नाव पडलं. आजही इथून बेगमबाजार, उस्मानगंजपर्यंत घाऊक व्यापार चालतो. मिरची, हळद, सुकामेवा, हातगाड्या, हमालांच्या हाका. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोंढ्यात आल्यासारखं वाटतं.

एका मसाल्याच्या दुकानात कपाटावर जुनी पितळी वजनं मांडलेली होती. त्यात कागदात गुंडाळलेला एक राणीछाप रुपयाही होता. काका म्हणाले, "हा नुसता पैसा नव्हे, हे वजनसुद्धा. बरोब्बर एक तोळा." एक तोळा म्हणजे १२ मासे, ९६ गुंजा. इंग्रजांनी तो १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हैदराबादचा स्वतःचा हाली सिक्का याहून जरा हलका होता.

मी तो रुपया तळहातावर घेतला आणि थबकलो. रायफलच्या गोळीचं वजन आजही ग्रेनमध्येच सांगतात. एल्कसाठी थर्टी-ऑट-सिक्स रायफलमध्ये पिढ्यान् पिढ्या वापरली जाणारी गोळी असते १८० ग्रेनची. म्हणजे आपण लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवतो त्या रुपयाच्या वजनाची!

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे ०.३० इंच, आणि काडतूस १९०६ सालचं. ही तोळाभर गोळी सेकंदाला साधारण २,७०० फूट वेगाने निघते. गणित केलं तर नळीच्या तोंडाशी ऊर्जा येते सुमारे २,९०० फूट-पाउंड. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान ०.२४ इंच व्यास, ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड एवढंच मागतो. पण किमान म्हणजे काठावर पास. अनुभवी शिकारी गोळी जनावरापाशी पोचताना १,५०० तरी उरावेत म्हणतात. नर एल्क तीनशे किलोच्या घरातला असतो. दाट केस, जाड कातडं, खांद्याचं हाड, आणि त्याच्यामागे काळीज आणि फुप्फुसं.

मग सगळ्यात मोठं कॅलिबर का घेऊ नये? कारण रायफल जेवढी ताकदवान, तेवढा खांद्याला धक्का जास्त. नवखा माणूस त्या धक्क्याच्या धास्तीने ट्रिगर दाबतानाच दचकतो आणि नेम चुकतो. म्हणून माझ्यासारख्याने थ्री-हंड्रेड मॅग्नमच्या मागे न लागता .२७०, .३०८ किंवा थर्टी-ऑट-सिक्स यांतली जी नीट चालवता येईल ती घ्यावी.

उस्मानिया रुग्णालयावरून आम्ही राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापाशी आलो. १८९१ साली आसफिया या नावाने सुरू झालेली ही संस्था. तिच्या पायऱ्यांवर बसल्यावर काकांनी विचारलं, "एल्क म्हणजे नेमकं काय रे?" मी म्हटलं, "आपल्या सांबराचा मोठा भाऊ समजा." ही तुलना माझी एकट्याची नाही. एकोणिसाव्या शतकात सिलोनमधले इंग्रज शिकारी सांबरालाच एल्क म्हणत.

सांबर म्हटल्यावर काका गप्प झाले. त्यांचं लहानपण आदिलाबादकडचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचे दिवस. शेजारच्या एकाने बारा बोअरच्या बंदुकीतून सांबरावर छऱ्यांचं काडतूस झाडलं. जनावर रक्त गाळत नाल्यात उतरलं. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी आकाशात गिधाडं घिरट्या घालू लागली, तेव्हा ते सापडलं. "बंदूक छोटी नव्हती," काका म्हणाले, "त्या कामाची नव्हती. आणि लांबून मारायची घाई."

नयापूल ओलांडून आम्ही सालारजंग संग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात गेलो. जुन्या तोडेदार बंदुकांवर सोन्याचांदीचं नाजूक काम आहे. एक बार उडाला की पुन्हा भरायला वेळ लागणार, म्हणून जनावराच्या जवळ जावंच लागे. आज दुर्बीण लावून अर्ध्या किलोमीटरवरून मारता येतं. तंत्र सुधारलं, पण काकांनी सांगितलेली घाई करण्याची सोयही वाढली.

संध्याकाळपर्यंत माझं ठरलं. रायफल थर्टी-ऑट-सिक्स. गोळी शिशाची नाही, तांब्याची. शिशाची गोळी फुटली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात. ते मांस आमची मुलगी खाणार, आणि मागे उरलेली आतडी गरुड खाणार. तांब्याच्या गोळीचं टोक फुलतं, पण तुकडे सहसा होत नाहीत. तांबं शिशाहून हलकं, म्हणून १६५ ग्रेन पुरे. तोळ्याला आठ गुंजा कमी. आणि अंतर २०० यार्डांच्या आत. तोवर रेंजवर दर शनिवारी सराव.

काकांनी एवढंच विचारलं, "आणि जनावर दोनशेच्या पुढे उभं राहिलं तर?"

"तर गोळी खिशातच राहील, काका."

तसं झालं तर रिकाम्या हाताने घरी येईन. निदान आईला तरी आनंद होईल.