मागचे चाक

नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून बाबांनी १९८४ साली घेतलेली बजाज चेतक विकायचे ठरले. तिचा मागचा, ३.५०-१० मापाचा टायर पार गुळगुळीत झाला होता. तो घरीच बदलावा असे आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांच्या मनाने घेतले. श्रमप्रतिष्ठेवर वर्गात पुष्कळ बोलून झाले होते. बाबा अंगणात खुर्ची टाकून गप्प बसले होते.

पेट्रोलचा कॉक बंद करून स्कूटर इंजिनाच्या अंगाला, उजवीकडे, गोणपाटावर कलती केली. या चाकाला नट दोन प्रकारचे. एक चाकाला हबशी धरून ठेवणारे, दुसरे रिमच्या दोन पाळ्या जखडणारे. आम्ही नेमका दुसऱ्यांना पाना लावला.

"आधी हवा सोडा!"

कित्येक महिन्यांत बाबा इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. ट्यूबमध्ये हवा असताना हे नट सुटले, तर पाळ्या उसळून अंगावर येतात.

मग ते सांगत गेले, आम्ही करत गेलो. ट्यूब चिमटू नये म्हणून आधी थोडीशीच हवा भरली. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळले.

"एकीकडूनच आवळत गेलं, की दुसरी बाजू नीट बसत नाही," बाबा म्हणाले.

स्कूटर विकण्याविषयी आपण त्यांना विचारलेच नव्हते, हे आम्हांला तेव्हा आठवले.