बहात्तरावा हिस्सा

स्पिटफायर विमानाच्या पंखांतील मशीनगनच्या तोंडांवर चिकटवलेल्या लाल कापडी पट्ट्या प्रतिकृतीत अखंड दाखवाव्यात की फाटलेल्या, हा प्रश्न वरवर पाहता हस्तकौशल्याचा आहे. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या या विमानाच्या दोन्ही पंखांत मिळून ८ ब्राउनिंग मशीनगन असत, प्रत्येकीला सुमारे ३०० गोळ्या असत, आणि मिनिटाला अकराशेच्या वर गोळ्या सुटत असल्याने हा सगळा साठा पंधरा-सोळा सेकंदांत संपून जाई. उड्डाणापूर्वी शस्त्रे भरणारे कर्मचारी नळ्यांच्या तोंडांवर लाल रोगण दिलेले कापड चिकटवीत, ओल आणि धूळ आत शिरू नये म्हणून. पहिल्याच गोळीने ते फाटे आणि पंखाच्या अंगावर काजळीचा फराटा उमटे. त्यामुळे परत येणारे विमान धावपट्टीला टेकण्याआधीच खाली उभ्या असलेल्यांना कळत असे की आतला माणूस कुणावर तरी गोळ्या झाडून आला आहे. पट्टी अखंड ठेवली तर प्रतिकृती सकाळची होते आणि फाटलेली दाखवली तर त्यानंतरची होते. हा सगळा फरक जेमतेम मिलिमीटरभर लाल ठिपक्यात मावतो, आणि तो ठिपका लावण्याची वेळ येते तेव्हा चिमटा धरलेला हात बराच वेळ हवेत राहतो.

ज्या कलेत हा प्रश्न उद्भवतो तिची ओळख थोडक्यात करून देता येईल. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे सुटे भाग साच्यातून एका चौकटीला जोडलेले निघतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. भाग कापून, पॉलिश पेपरने घासून, प्लॅस्टिकला किंचित वितळवून जोडणाऱ्या पातळ द्रवाने सांधले जातात, सांध्यांत पुट्टी भरली जाते, मग प्रायमर, मग हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने रंगाचे थर, आणि शेवटी डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या पारदर्शक पापुद्र्यावरील चिन्हे व अक्षरे. उरलेल्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ओढला की केसाहून बारीक तार निघते आणि ती बिनतारी संदेशाच्या तारेच्या जागी लागते. या बांधणीत सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:७२ हे आहे. ६ फुटांचा माणूस १ इंचाचा व्हावा असा त्याचा सोपा हिशोब असून १९३० च्या दशकात ब्रिटनमधील ‘स्कायबर्ड्स’ या लाकडी संचांनी तो रूढ केला. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने याच प्रमाणात प्लॅस्टिकचे संच काढले. तिची इतर विमाने उडणारी असल्याने या न उडणाऱ्या विमानांना तिने ‘पेंग्विन’ हे नाव दिले. त्याच वर्षी ५ मार्चला खऱ्या स्पिटफायरने पहिली झेप घेतली होती. विमान आणि त्याला लहान करण्याची रीत अशी एकाच काळात वाढली.

पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ फूट १० इंच असलेले स्पिटफायर ७२ पटींनी लहान झाले की १५६ मिलिमीटरचे होते, म्हणजे तळहातावर ठेवता येते. ते ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान साडेएकवीस मीटरवरून पाहणे होय, आणि तेवढ्या अंतरावरून निकोप डोळ्यालाही सहा-सात मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. खऱ्या विमानाच्या पत्र्यांमधील फटी याहून बारीक असतात, पंखांवरील रिव्हेटची डोकी पृष्ठभागात बुडवलेली असतात. काटेकोर हिशोब केला तर यातले काहीही दिसता कामा नये. तरीही प्रत्येक चांगल्या प्रतिकृतीवर या रेघा कोरलेल्या असतात, त्यांत काळपट पातळ रंग सोडून त्या उठवल्या जातात, आणि त्या नसतील तर पाहणाऱ्याला विमान खोटे वाटते. रंगाचे याच्या उलट आहे. मधल्या हवेमुळे दुरून रंग फिकट दिसतो, म्हणून विमानाच्या पाठीवरचा गडद हिरवा आणि मातकट तपकिरी रंग मुद्दाम पांढरा मिसळून उजळ केला जातो. एकाच वस्तूचा रंग दुरून पाहिलेला असतो आणि तिच्या रेघा जवळून पाहिलेल्या असतात. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण या ठिकाणी सहज सुचते, पण सुचल्याबरोबर ती पुरेनाशी होते, कारण येथे डोंगर दूर आहे की जवळ हेच आधी ठरवावे लागते.

ही म्हण वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे की ती कोण उच्चारतो याचा विचार सहसा केला जात नाही. जो केवळ दूर उभा आहे त्याला आपण दूर आहोत हे ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने डोंगर नुसता निळा आणि सुंदर असतो. ‘दुरून’ हा शब्द ज्याच्या तोंडी येतो तो डोंगर चढून आलेला असतो, त्याच्या पायांना खडे रुतलेले असतात, आणि खाली उतरून मागे वळून पाहताना डोंगर पुन्हा सुंदर दिसतो याचे त्याला नवल वाटलेले असते. म्हणजे या म्हणीत तक्रारीइतकीच कबुलीही आहे: जवळचे माहीत असूनही दुरून ते साजरेच दिसते. ‘साजरा’ या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. सुंदर, शोभिवंत हा त्याचा अर्थ आता म्हणीपुरता आणि ग्रामीण बोलींपुरता उरला असून एरवी तो सण ‘साजरा करणे’ या प्रयोगातच भेटतो. दुरून शोभणाऱ्या गोष्टीच लोक साजऱ्या करतात की काय, असा विचार मनात येतो आणि त्याला सरळ उत्तर सापडत नाही. एका जुन्या संस्कृत सुभाषितात दुरून रम्य वाटणाऱ्या गोष्टी मोजताना पर्वताच्या पंक्तीत युद्धाच्या कथेलाही बसवलेले आहे. मराठी म्हणीने त्यातला डोंगर तेवढा ठेवून घेतला आणि युद्ध सोडून दिले. हे विस्मरण होते की निवड, कोण सांगणार?

मात्र १:७२ या प्रमाणाचे अंतर नेहमीच निरुपद्रवी होते असे नाही. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने देशभरातील शाळकरी मुलांकडे याच प्रमाणातील ५ लाख लाकडी विमाने मागितली. ती काळी रंगवायची होती, म्हणजे केवळ बाह्याकृती डोळ्यांत भरावी, आणि त्यांचा उपयोग सैनिकांना आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते हे क्षणार्धात ओळखायला शिकवण्यासाठी व्हायचा होता. ३५ फुटांवर टांगलेले असे विमान जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. हाच हिशोब आणखी पुढे नेला तर तो अस्वस्थ करतो. लढाऊ विमानातील मशीनगनच्या माऱ्याच्या रेषा समोर ठराविक अंतरावर एकत्र याव्यात अशी त्यांची जुळणी केलेली असे. ब्रिटिश वैमानिकांनी आरंभीचे ४०० यार्डांचे अंतर अपुऱ्या परिणामामुळे सोडून २५० यार्ड पसंत केले. २५० यार्डांचा बहात्तरावा हिस्सा ३.२ मीटरपेक्षा किंचित कमी भरतो. साध्या खोलीच्या एका भिंतीशी ठेवलेले कपाट आणि समोरच्या भिंतीशी ठेवलेली खुर्ची यांच्यात एवढेच अंतर असते. कपाटातल्या विमानाकडे खुर्चीतून शांतपणे पाहणारा माणूस ते नेमके ज्या आकाराचे पाहत असतो, त्याच आकाराचे ते दिसू लागले की कुणीतरी अंगठ्याखालची कळ दाबत असे.

या ओळखीचा एक धागा भारतापर्यंत येतो. ब्रह्मदेशच्या आघाडीवर ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळाकार चिन्हांतला मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी त्याची गल्लत होऊन आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या जाण्याचा धोका होता. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची स्पिटफायर विमाने तेथे लढली ती या निळ्या-पांढऱ्या चिन्हांनी. शाही हवाई दलात १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचे नाव होते आणि १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मुंबईचे, आणि दोन्हींनी स्पिटफायर उडवली. एका स्पिटफायरसाठी ५,००० पौंड ही देणगीची रक्कम ठरलेली होती. ती देणाऱ्या गावाचे, संस्थानाचे किंवा व्यक्तीचे नाव विमानाच्या अंगावर लहान अक्षरांत रंगवले जाई. १:७२ मध्ये ही अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. ज्यांच्या गावाचे नाव त्या पत्र्यावर होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते विमान कधीही, कोणत्याही अंतरावरून पाहिले नसणार, हे त्या बारीक अक्षरांकडे पाहताना विसरता येत नाही.

डोंगर आणि युद्ध एकत्र लहान करण्याची मराठी रीत मात्र निराळीच आहे, आणि विमानाच्या प्रतिकृतीचा विचार करता करता तिच्याकडे वळणे अपरिहार्य वाटते. दिवाळीच्या आधी महाराष्ट्रातील अंगणांत आणि आता सोसायट्यांच्या कोपऱ्यांत मुले किल्ला करतात: दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, त्यावर माती, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, तळ्याच्या जागी आरशाचा तुकडा, गुहेत वाघ, वर सिंहासनावर छत्रपती आणि पायवाटेवर मातीचे मावळे. येथे प्रमाण नावाची गोष्ट नाही. मावळा सात सेंटिमीटरचा धरला तर तो १:२४ प्रमाणाचा होतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड त्याच मापाने उभारायचा झाल्यास दहा मजली इमारतीएवढा ढीग करावा लागेल. प्रत्यक्षात तो कमरेइतकाही नसतो. बुरुजाहून पहारेकरी मोठा असतो, महाराज सर्वांत मोठे असतात, पायथ्याशी गवळण आणि शेतकरी असतात, आणि त्यांच्याच शेजारी एखादे हेलिकॉप्टर किंवा प्लॅस्टिकचे लढाऊ विमानही उतरलेले असते. किल्ला चुकला असे त्याला कुणी म्हणत नाही. मुळात गड हीसुद्धा युद्धाचीच यंत्रणा होती. वेढे, उपासमार, कड्यावरून झालेले कडेलोट हे सारे त्याच उतारांवर घडले, ज्यांच्यावर आता अळीव उगवते. मुलांना ते ठाऊक असते, कारण कथा सांगूनच किल्ला केला जातो, तरी त्यांच्या मनात अपराधाची पुसट छायाही नसते. ती असावी असे म्हणणेही धाडसाचे ठरेल. हे निरागसपण तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या अंतराने दिलेले आहे, की प्रमाण न पाळण्याने? ज्या खेळात माणूस बुरुजाहून मोठा असू शकतो त्यात निदान माणूस असतो तरी.

विमानाच्या प्रतिकृतीत तो बहुधा नसतो. जुन्या संचांत वैमानिकाची बोटाच्या पेराएवढी आकृती हमखास असे. आजचे कसबी कारागीर ती बाजूला ठेवतात, कारण तिच्यामुळे आसनाचे पट्टे, उपकरणांच्या तबकड्या, सुकाणूचा दांडा झाकला जातो. पट्टे तर आता कागदाइतक्या पातळ पितळी पत्र्यातून कोरून काढलेले मिळतात आणि ते आसनावर सैल सोडलेले दाखवतात, जणू कुणीतरी आत्ताच उठून गेले आहे. झीज दाखवण्याचा हव्यासही याच वृत्तीतून येतो: रंगाचे टवके, तेलाचे ओघळ, धुराचे डाग, चाकांवरचा चिखल. हा हव्यास अनेकदा खोटा असतो असे स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण त्या उन्हाळ्यातील पुष्कळ विमाने काही आठवड्यांतच नष्ट झाली आणि इतका रंग उडण्याइतके आयुष्य त्यांना लाभलेच नाही. पण खोटा असला तरी तो प्रेमातून आलेला असतो, आणि यंत्राच्या प्रत्येक जखमेची नोंद घेणारे हे प्रेम माणसाच्या जखमेपाशी आल्यावर थबकते, हे शालीनतेचे लक्षण मानावे की पळवाटेचे, याचा निवाडा करता येत नाही. आत रक्त रंगवलेली प्रतिकृती कुणी केली तर ती असह्य होईल एवढे निश्चित. असह्य होणे म्हणजेच सत्याच्या जवळ जाणे, असे मात्र म्हणता येणार नाही.

तेव्हा म्हणीने सांगितलेले दूर आणि जवळ येथे कुणाकडे आहे? या विमानाच्या जितके जवळ प्रतिकृतीकार गेलेला असतो तितका त्या काळचा वैमानिकही कदाचित गेला नसेल: कोणत्या महिन्यापासून पोटाखालचा रंग बदलला, कोणत्या आवृत्तीत आरशाचा आकार निराळा होता, कोणता सांधा कोठे येतो, हे सारे त्याच्या बोटांना पाठ असते. आणि तरीही ज्या पंधरा सेकंदांसाठी हे सगळे बनवले गेले, त्यांच्यापासून तो कोणत्याही प्रमाणात मोजता न येणाऱ्या अंतरावर असतो. तो डोंगर चढलेला आहे आणि चढलेला नाहीही.

तुळशीच्या लग्नापर्यंत अंगणातला किल्ला सुकतो, अळीव पिवळे पडते, आणि काही मुले उरलेला एखादा सुतळी बॉम्ब दरवाजात ठेवून तो किल्ला स्वतःच उडवून देतात. मावळे आधी काढून घेतले जातात, पुढच्या वर्षीसाठी. विमान मात्र काचेच्या कपाटात राहते. काचेतूनही धूळ शिरते आणि वर्षभरात पंखांवर तिचा थर दिसू लागतो. तिचा पन्नास सहस्रांश मिलिमीटरचा कण त्या जगात साडेतीन मिलिमीटरचा खडा असतो. तो मऊ कुंचल्याने झाडताना पंखाच्या पुढच्या कडेवरची लाल पट्टी पुन्हा डोळ्यांसमोर येते. ती अखंड लावलेली आहे. डिकॅलच्या कागदावर फाटलेल्या पट्ट्यांचा दुसरा संच तसाच शिल्लक आहे आणि तो टाकून दिलेला नाही.