गालावरचा तीळ

नववीच्या मुलींना सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं वेड लागलं आहे. मोबाईलने हद्दपार केलेली ती खिशातली चपटी डबी त्यांना आता सेकंडहँड घ्यायची आहे. मी उर्दू माध्यमात विज्ञान शिकवते, म्हणून सवाल माझ्याकडे : "टीचर, काय बघून घ्यायचा?"

आधी बटण दाबा. भिंग बाहेर येताना करकरलं तर तसाच परत द्या. एकात एक बसणाऱ्या त्या नळ्यांमुळेच हा कॅमेरा खिशात मावतो आणि त्यांच्यामुळेच मरतो. नळ्या बाहेर सरकल्या की लोहाराच्या भात्यासारखी हवा आत ओढली जाते, हवेबरोबर धूळही. वसई-विरारला धुळीचा काय तोटा! अर्नाळ्याची वाळू आहे, उठणाऱ्या इमारतींचं सिमेंट आहे. वाळूचा एक कण दातेरी चाकांत अडकला की भिंग अर्ध्यावरच थांबतं.

मग झूम करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. कॅमेरा उलटा धरून आणखी एक. दोन्ही फोटोंत ठिपका चौकटीच्या त्याच कोपऱ्यात असेल, तर धूळ आत सेन्सरवर बसली आहे. रिळाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा यायचा, तिच्यावरचा कण तिच्याबरोबर पुढे जायचा. इथे पडदा एकच, जन्मभराचा. भिंग काढता येत नाही, पुसणार कसं? दुरुस्तीवाला अख्खा कॅमेरा खोलणार आणि नव्याएवढे पैसे सांगणार.

आमचा कॅमेरा मामूंनी २००९ साली दुबईहून आणला होता. दीडेक वर्षात ठिपका आलाच. सोपाऱ्याच्या स्तूपाच्या फोटोत (भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन केलेला तो) ठिपका आभाळात आहे, लांबच्या घारीसारखा. तिथे तो कुणाला खटकत नाही. पण अब्बांच्या शेवटच्या ईदचा एकच फोटो आहे आणि त्यात तो नेमका त्यांच्या गालावर पडला. स्टुडिओवाला म्हणाला, दोन मिनिटांत काढून देतो. अम्मीने नाही म्हटलं. त्यांच्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला तिला नको होता.

भावाच्या मुलीने अब्बांना पाहिलेलं नाही. परवा तिने दादाजानचं चित्र काढलं. दाढी, टोपी आणि गालावर ठसठशीत तीळ.

"बेटा, त्यांना तीळ नव्हता."

"फुप्पी, फोटोत आहे ना!" असं म्हणून तिने तो पेन्सिलीने आणखी गडद केला.